ठोके अनियमित, गोळी मात्र नियमित

मागच्या अंकात उतारवयातल्या रक्तदाबावर लिहिताना अनियमित ठोक्यांचा जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच द्यावा लागतोय. गंमत म्हणजे बहुतेक पत्रं पेशंटची नाहीत, त्यांच्या मुलांची, लेकींची, सुनांची आहेत. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात कुणीतरी चुलते, शेजारी किंवा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ज्यांनी माझ्याआधीच सल्ला देऊन ठेवलाय. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं काढली आहेत.

वडील ७८ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, त्यात एट्रियल फिब्रिलेशन निघालं. वडिलांना कसलाच त्रास नाही. बीपीची एक गोळी चालू आहे, रोज सकाळी मळ्यात चालत जाऊन येतात. आता रक्त पातळ करायची गोळी कायमची घ्या म्हणतात. वडील म्हणतात, “गेलो डोळा दाखवायला आणि हृदय गळ्यात घातलं.” चुलते म्हणतात, ॲस्पिरिन घ्या, तेवढं पुरे. काय करावं?
– एक मुलगा, बारामती तालुका

वडिलांचा वैताग मी समजू शकते. काहीच दुखत-खुपत नसताना जन्माची गोळी लावून घ्यायची म्हणजे कुणालाही जडच जातं. पण नेमकी हीच माणसं माझ्या ओपीडीतून गोळी न घेता निघून जातात, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

हृदयाचे वरचे दोन कप्पे एरवी एका तालात आकुंचन पावतात. या आजारात ते मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. त्यातले सगळे ठोके खाली उतरत नाहीत, मधली एक गाठ त्यांना अडवते आणि काहीच पुढे सोडते. म्हणून नाडी कधी जलद, कधी रेंगाळणारी, कशीही लागते. काहींना धडधड जाणवते, दम लागतो, जिना चढताना पाय गळून जातात. काहींना काहीच कळत नाही. वडील या दुसऱ्या गटातले.

आता मळ्यातल्या माणसाला कळेल असं सांगायचं, तर पाटाचं पाणी वाहतं असतं तोवर स्वच्छ राहतं, कोपऱ्यात तुंबलं की शेवाळ धरतं. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक छोटा कोपरा असतो. कप्पा नीट आकुंचन पावेना की रक्त तिथं तुंबतं आणि गोठतं. ती गुठळी सुटून वर मेंदूकडे गेली की अंगावरून वारं गेलं म्हणून समजा. एट्रियल फिब्रिलेशन असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो, आणि अशा गुठळीने होणारा पक्षाघात बहुधा मोठा असतो. गुठळी धरायची की नाही, हे धडधड जाणवते की नाही यावर ठरत नाही. त्यामुळे “मला होतंय काय” या प्रश्नाचं उत्तर, आज काही नाही, एवढंच आहे.

गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टर मनाने ठरवत नाहीत, त्यासाठी गुणांची एक पद्धत आहे. वय ६५ ते ७४ असेल तर एक गुण, ७५ च्या पुढे दोन. बीपी, मधुमेह, हृदय कमजोर असणं, रक्तवाहिन्यांचा आजार यांचा प्रत्येकी एक. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. वडिलांचे वयाचे दोन आणि बीपीचा एक, असे तीन झाले. दोन किंवा जास्त गुण असले की गोळी द्यायची, असा नियम. म्हणजे इथे घासाघीस करायला जागाच नाही.

चुलत्यांच्या ॲस्पिरिनबद्दल. एके काळी आम्हीही द्यायचो. मग २००७ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला. त्यात ७५ च्या पुढचे ९७३ पेशंट होते, निम्म्यांना वॉरफरिन (रक्त पातळ करायची जुनी गोळी) आणि निम्म्यांना ॲस्पिरिन दिलं होतं. वॉरफरिनवाल्यांत गुठळीचे आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचे मिळून गंभीर प्रकार वर्षाला १.८ टक्के, ॲस्पिरिनवाल्यांत ३.८ टक्के. आणि ज्याला सगळे भितात तो मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. थोडक्यात, ॲस्पिरिनमध्ये जोखीम पुरेपूर आणि फायदा अर्धवट. ॲपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या वॉरफरिनपेक्षाही सोप्या आहेत. पूर्वी त्या महाग होत्या, आता बऱ्याच कंपन्यांच्या निघाल्यात आणि किंमत उतरली आहे. केमिस्टकडे तेच औषध स्वस्तात कुठल्या कंपनीचं आहे ते विचारा, लाजू नका.

गोळी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच आणि एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) एवढं करून घ्या. थायरॉइड वाढल्यामुळेही ठोके बिघडतात, आणि म्हाताऱ्या माणसात वाढलेला थायरॉइड फार गुपचूप असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यासाठी रद्द करू नका. थेंब टाकून डोळा बधिर करणार असतील तर बहुतेक वेळा गोळी थांबवायचीही गरज पडत नाही. मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळी दाखवा. थांबवायची की नाही हे त्यांना आणि तुमच्या फिजिशियनना ठरवू द्या, चुलत्यांना नको.

माझं वय ७१. घरी बीपीचं मशीन आहे. एकदा १४८ दाखवतं, दोन मिनिटांनी १२२, मग १६०. वर नाडीच्या आकड्याजवळ हृदयाचं चित्र लुकलुकतं. मशीन बिघडलं का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

मशीन शाबूत आहे. ठोके एकसारखे नसले की प्रत्येक ठोक्यातला दाबही वेगळा असतो, आणि ही स्वयंचलित मशीनं त्यात गोंधळतात. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून शांत बसा, मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने तीन वेळा मोजा आणि सरासरी लिहून ठेवा. एकाच आकड्यावर घाबरून जाऊन गोळी वाढवू नका.

ते लुकलुकणारं चित्र म्हणजे ‘ठोके अनियमित लागले’ एवढाच इशारा. त्यातून आजार कोणता हे कळत नाही. अधूनमधून एखादा ठोका आगाऊ पडतो, मग क्षणभर पोकळी जाणवते, हा प्रकार पुष्कळांना असतो आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतो. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर नाडीला तालच सापडत नाही. अंगठ्याखालच्या मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करायची सवय इथे उपयोगाची नाही. नाडी बेताल वाटली तर ईसीजी काढा. निदान ईसीजीवरच होतं. मनगटी घड्याळाने सांगितलं तरी डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी डोळ्याने पाहिलीच पाहिजे. ठोके येऊन-जाऊन असतील तर साध्या ईसीजीत सापडत नाहीत, मग चोवीस तास किंवा जास्त दिवस छातीला लावायचं होल्टर करतात.

आणि निदान झालंच, तर नाडी किती असावी? बसलेली असताना मिनिटाला ११० च्या आत असेल आणि दम, थकवा नसेल तर पुष्कळांना तेवढं चालतं. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात, नाडी ८० च्या आत दाबून ठेवलेल्यांना ११० च्या आत ठेवलेल्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे मशीनवर ९२ दिसलं म्हणून रात्री अकराला मुलाला फोन करू नका.

सासूबाई ८२ वर्षांच्या, वजन ४६ किलो. ॲपिक्साबॅन चालू आहे. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, कमरेवर मोठा काळा डाग उठला. नणंद म्हणते, ही गोळी बंद करा नाहीतर रक्तस्राव होऊन जातील. मी एकटी काय निर्णय घेऊ? त्यांचे गुडघे दुखतात, त्यासाठी डायक्लोफेनॅकही लागतं.
– एक सून, सातारा

तुमच्या पत्रातलं खरं संकट शेवटच्या ओळीत आहे. त्याकडे नंतर येते.

पडण्याच्या भीतीने गोळी बंद करणं हा महाराष्ट्रातल्या घराघरांतला लाडका उपाय आहे. कॅनडातल्या काही डॉक्टरांनी १९९९ मध्ये याचा हिशेबच मांडला होता. म्हाताऱ्या पेशंटने वर्षाला सुमारे २९५ वेळा पडायला हवं, तेव्हा कुठे पडून डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा जड होईल. हिशेब गणिती आहे, प्रत्येक सासूबाईंना तसाच लागू होईल असं नाही. पण पारडं कुठल्या बाजूला झुकतं ते त्यातून दिसतं. ८२ व्या वर्षी अर्धं अंग लुळं पडलं तर त्यांचं अंथरुणात कोण करणार, हे नणंदबाईंना एकदा विचाराच.

डोस मात्र तपासा. ॲपिक्साबॅनचा नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या की तो २.५ मिलिग्रॅम, दोनदा होतो. तुमच्या सासूबाई वय आणि वजन या दोन्हींत बसतात. त्या ५ वर असतील तर डॉक्टरांना आठवण करून द्या. उलट चूकही खूप होते. सत्तरीचा धडधाकट माणूस, वजन ७५ किलो, आणि “वय झालंय” म्हणून त्याला अर्धा डोस. तो पेशंट गोळी घेतो, पैसे घालवतो आणि पक्षाघातापासून पुरता वाचतही नाही.

आता डायक्लोफेनॅक. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांतलं काहीही घेतलं की पोटातून रक्त जायचा धोका वाढतो आणि किडनीवरही ताण येतो. किडनी मंदावली की रक्त पातळ करायची गोळी अंगात साठते आणि धोका आणखी वाढतो. बंद करायचीच असेल तर ही डायक्लोफेनॅकची गोळी बंद करा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक, लावायचं मलम आणि फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. कमरेत सुई टोचून घ्यायची सवय असेल तर तीही सोडवा, तिथे रक्त साकळतं.

पडू नये म्हणून जे करायचं ते गोळीच्या डबीत सापडणार नाही. न्हाणीघरात पकडायला दांडी, खाली खरखरीत रबरी चटई, रात्री दिवा, आणि बीपीच्या गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येते का हे पाहणं. डोक्याला मार लागला तर त्या कितीही “मी बरी आहे” म्हणाल्या तरी त्याच दिवशी सीटी स्कॅन करा. शौच डांबरासारखं काळं झालं, लघवीतून रक्त गेलं, नाकातून रक्त थांबेना, तर डॉक्टरांकडे थेट जा. हाता-पायावर छोटे निळे डाग उठतात, त्याला घाबरायचं नाही.

वर्षाला निदान दोनदा क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन बघा. ७५ च्या पुढे एवढं हवंच.

पत्नी ६४ वर्षांची आहे. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेली आहे. रक्त पातळ करायची जुनी गोळी ॲसिनोकुमारॉल चालू आहे आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला दर महिन्याला आयएनआर. शेजाऱ्यांची नवी गोळी आहे, त्यांना रक्त तपासावं लागत नाही. आम्हीही बदलून घ्यावी का? शिवाय मेथी-पालक पाच वर्षांपासून बंद आहे, तिला मेथी फार आवडते.
– एक वाचक, लातूर

बदलू नका. शेजाऱ्यांचा आजार वेगळा, वहिनींचा वेगळा. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद झालेल्या पेशंटसाठी आजही जुनी गोळीच. २०२२ मध्ये आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांतल्या अशा साडेचार हजारांवर पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर आम्हालाही वाटत होतं की नवी रिव्हारॉक्साबॅन इथेही बाजी मारेल. झालं उलटं. जुन्या गोळीवाल्यांत मृत्यू कमी झाले. परदेशी पुस्तकांत हा आजार आता एखाद्या परिच्छेदात आटोपतात, आपल्याकडे तो अजून ओपीडीत रोज भेटतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

आयएनआर २ ते ३ मध्ये हवा. दोनच्या खाली गुठळीचा धोका, तीनच्या बराच वर गेला की रक्तस्रावाचा. महिन्याचा तो फेरा चुकवू नका.

आणि वहिनींना मेथी द्या. पाच वर्षं कशाला तोडली? हिरव्या पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या विरुद्ध काम करतं हे खरं. पण डॉक्टर डोस ठरवतात तो त्या माणसाच्या रोजच्या जेवणावर. अडचण चढउतारामुळे येते. महिनाभर पालेभाजी नाही आणि हिवाळ्यात स्वस्त झाली म्हणून आठवडाभर रोज दोन वेळा मेथी, असं केलं की आयएनआर खाली येतो. आठवड्यातून दोन-तीनदा, दर आठवड्याला तेवढीच, असं ठेवा. सुरुवात केल्यावर दहा-पंधरा दिवसांनी एकदा आयएनआर करा आणि डॉक्टरांना मेथी सुरू केल्याचं सांगा.

मेथीपेक्षा मला धास्ती आहे ती पोट बिघडल्यावर केमिस्टकडून आणलेल्या मेट्रोनिडाझोलची. ही गोळी आयएनआर झपाट्याने वर नेते. काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल यांचंही तेच. कुठलंही नवं औषध, काढा, चूर्ण सुरू करताना आधी आयएनआरची फाइल दाखवायची.

मी ६९ वर्षांचा, माळकरी. रिव्हारॉक्साबॅन रात्री जेवणाबरोबर घ्यायला सांगितली आहे. एकादशीला जेवण नसतं, त्या दिवशी गोळी नको ना? आणि वारीला जायची इच्छा आहे.
– एक वाचक, दौंड

एकादशीलाही गोळी हवीच. गुठळीला तिथी कळत नाही. रिव्हारॉक्साबॅनची १५ किंवा २० ची गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही, म्हणून अन्नाबरोबर. हे अन्न वरण-भातच असायला हवं असं कुठल्याही कंपनीने छापलेलं नाही. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगर-आमटी, बटाट्याची भाजी, काहीही चालेल. पोटभर फराळ करा आणि त्याबरोबर गोळी घ्या. निर्जळी मात्र सोडा. पाणी कमी पडलं की नाडी वाढते, किडनीवर ताण येतो, आणि लघवी होण्याची गोळी चालू असेल तर मीठ-पोटॅशियमचाही घोळ होतो. नाडी आटोक्यात ठेवायला डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर हे फारच महागात पडतं. त्यांना भूक मेली, मळमळलं, पिवळसर दिसायला लागलं तर गोळी अंगात साठतेय असं समजून लगेच डॉक्टर गाठायचा.

ॲपिक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रान घेणाऱ्या इतर उपवासकरांसाठी: या दोन्ही उपाशीपोटीही चालतात, फक्त डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची.

वारीला जा. आधी महिनाभर रोज चालून बघा, दम लागतो का ते कळेल. डॉक्टरांना भेटून नाडी आणि बीपी दाखवा. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, थोड्या पिशवीत आणि थोड्या दिंडीतल्या जोडीदाराकडे. सामानाचा ट्रक पुढे गेला आणि गोळ्या त्यात राहिल्या, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. एक वेळ चुकलीच तर दिवसातून एकदाच्या गोळीला बारा तासांच्या आत आणि दोनदाच्या गोळीला सहा तासांच्या आत आठवण झाली तर तेव्हाच घ्या. त्यानंतर आठवली तर सोडून द्या, पुढची वेळेवर. दोन एकदम कधीच नाही.

चहा बंद करावा का?
– एक वाचक, नागपूर

नाही. दारू बंद करा. तुम्ही दारूचं विचारलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, बाबा, गोळ्या कशाला, ॲब्लेशन करून टाका, कायमचं बरं होतं. माझं वय ७३. धडधड आठ महिन्यांपासून येऊन-जाऊन आहे. गोळ्या घेऊनही महिन्यातून दोन-तीनदा दिवस वाया जातो.
– एक वाचक, पुणे

मुलाचं अर्धं बरोबर आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं की येऊन-जाऊन असणारं एट्रियल फिब्रिलेशन सुरू करणारे आगाऊ ठोके बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात. जांघेतून नळी घालून ती तोंडं विलग करायची, हे ॲब्लेशन. तुमच्यासारख्या येऊन-जाऊन असणाऱ्या आणि गोळ्यांनी न भागणाऱ्या पेशंटला त्याचा चांगला उपयोग होतो. वय ७३ ही काही अडचण नाही. २०२० च्या एका युरोपीय अभ्यासात निदानाच्या पहिल्या वर्षातच ताल सुधारायचे उपाय केलेल्यांना पक्षाघात आणि हृदयाचे इतर त्रास कमी झाले, आणि त्या पेशंटचं सरासरी वय सत्तर होतं. तेव्हा हृदयाची वायरिंग बघणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टना, दाखवा आणि अजून वर्षभर ढकलू नका.

“कायमचं बरं” हे मात्र मुलाने इंटरनेटवर वाचलेलं दिसतं. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, काहींचं काही वर्षांनी परत येतं. आणि रक्त पातळ करायची गोळी ॲब्लेशननंतरही गुणांप्रमाणेच चालू राहते. वजन जास्त असेल, झोपेत घोरून श्वास अडकत असेल, बीपी वर असेल, तर ते आधी हाताळा, नाहीतर केलेलं ॲब्लेशन टिकत नाही.

मी आणि यजमान दोघंच असतो. त्यांना हा आजार आहे, गोळी चालू आहे. तरी पक्षाघात झालाच तर मी काय करायचं?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

गोळीने धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही, त्यामुळे हे माहीत असायलाच हवं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर धरवेना, बोलणं अडखळायला लागलं, यातलं एकही दिसलं की घड्याळात बघा आणि १०८ ला फोन लावा. ते शेवटचे धड कधी होते ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि रक्त पातळ करायची गोळी नुकतीच घेतलेली असेल तर बहुतेकदा ते देता येत नाही. तेव्हा नळी घालून गुठळी ओढून काढता येईल का ते बघतात. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली हेही त्याच कागदावर. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

तोंडात पाणी, चहा, ॲस्पिरिन काही घालू नका, गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जातं. मालीशवाल्याला बोलावू नका. कुणी कबुतराच्या रक्ताचं सुचवलं तर त्यांना बाहेर ओट्यावर बसवा.

आजच एक काम करून ठेवा. सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचे उपचार रात्रीही होतील असं जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि नंबर फोनजवळच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहा. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा.